गाडी पुरी सांग

१८ जानेवारी, शनिवार

नव्या वर्षाला मिलवाल्यांनी ही डायरी दिली. आजवर कोरी होती. मला लिहायची सवय नाही, पण आज जे बघितलं ते कुणाला तरी सांगावं वाटतं.

मी वजनकाट्यावर बसतो. दिवसभर भंगाराचे ट्रक येतात, लोखंडी पाट्यावर उभे राहतात, मी वजन घेतो, चिठ्ठी फाडतो. भंगार आत जातं, भट्टीत वितळतं, सळई होऊन बाहेर पडतं. इतकी वर्षं झाली, ट्रकवर काय आहे ते मी बघतसुद्धा नाही. आज सकाळी पप्पूचा ट्रक लागला. पप्पू मंठ्याकडून भंगार आणतो. त्याच्या ट्रकवर कुलरच्या जाळ्या, बोअरचे पाइप, आणि त्या सगळ्यावर एक जुनी मोटार, तोंड माझ्याकडं. दिव्याची काच शाबूत होती आणि तिच्यात ऊन पडलेलं. मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडं बघून राह्यलं.

मी केबिन सोडून ट्रकवर चढलो. पप्पू खालून म्हणाला, "साहेब, ती डुक्कर फियाट हाय. नाक बघा, म्हणून नाव." खरंच, बॉनेट पुढं येऊन मुस्कटासारखं उतरत होतं. दोन्ही बाजूंचे मडगार्ड गालासारखे फुगीर. इतकी गोल वस्तू कुणी लोखंडातून केली असेल?

दुपारी क्रेनच्या चुंबकाने तिला उचललं. हवेत गेल्यावर तिचं पुढचं दार आपोआप उघडलं. ते उलटं उघडतं, कब्जे मागच्या बाजूला. वर ते दार झुलत राहिलं, जसं कुणी उतरणार आहे. मग खाली भट्टीकडं.

फोटो काढला होता. घरी आबांना दाखवला. आबा म्हणजे माझे वडील, पुंजाराम. माय गेल्यापासून गाव सोडून आमच्याकडं असतात. फार बोलत नाहीत, दारापाशी खाटेवर बसून असतात. त्यांनी फोन हात लांब करून धरला आणि पुष्कळ वेळ बघितला. म्हणाले, "फोटोत बराबर दिसती. अजून हायेत का अशा?"

मला माहीत नाही, असं म्हणालो. पण जेवतानाही तेच डोक्यात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि दैवशालाला सांगितलं की आता दर रविवारी जुन्या गाड्या शोधत फिरणार. बायको हसली. या वयात लोक जमीन शोधतात, पोरांसाठी स्थळं शोधतात. मलाही लाज वाटतेच. काट्यावरचा बाबू, दारात एक मोटारसायकल, आणि निघाला मोटारी बघायला.

मग ती म्हणाली, "आबांना घेऊन जा संगं. उतरवताना तेवढा हात धरत जा."

आबांना असं काय झालंय की हात धरावा? पण बायकांना काळजी करायची हौस असते. परवा मी स्टूल खिडकीपाशी सरकवलं तर केवढी रागावली. म्हणे, घरातली वस्तू जिथल्या तिथं ठेवत जा. आबांना त्याच स्टूलची ठेच लागली म्हणून असेल. आबाही चालताना विचारात असतात.

९ फेब्रुवारी, रविवार

मंठ्याला गेल्तो. आबा मागं बसले. पप्पूने सांगितलेल्या आडत दुकानाच्या मागं, लिंबाखाली, एक जुनी विलीज जीप आहे. दुकानदार म्हणाला, बघा, बघायला काय लागतं.

पुढची काच आडवी पाडता येते. बॉनेटच्या कडेला पट्टे लावायचे कान. बसायला गादी कसली, पत्र्यावर चादर. तरीही ती उभी कशी होती, छाती पुढं काढून! सत्तर-पंचाहत्तर वर्षांची असेल, आणि आता किल्ली दिली तर निघेल असं वाटत होतं.

आबा दिव्यापाशी वाकून एका दिव्याकडं खूप वेळ बघत राहिले. मग जाळीकडं. मग म्हणाले, "कल्याण, पुरी सांग. कुठून कुठवर हाय, कशी बसलीय."

मी म्हणालो, "आबा, समोर तर उभी हाय."

"तू सांग रे. तुझ्या तोंडून ऐकतो."

मग सांगितलं. आधी ओशाळल्यासारखं झालं, दुकानातले हमाल ऐकत होते. पण सांगायला लागलो तेव्हा मलाच जास्त दिसायला लागलं. मागच्या चाकावरचा पत्रा सरळ कापलेला, पुढचा मात्र वाकवलेला. हे मी आधी बघितलंच नव्हतं. आबा पत्र्यावरून हात फिरवत ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा मोकळा झाला.

परत येताना गाडी थांबवून चहा घेतला. पोऱ्याने कप आबांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि आबांनी तो सांडला. मी म्हणालो, लक्ष कुठं हाय? ते म्हणाले, जीपीत.

१६ मार्च, रविवार

मधले रविवार रिकामे गेले. बदनापूरला एक ॲम्बेसिडर दिसली, पण तिला पुढून नवं तोंड बसवलेलं. आबा म्हणाले, जाऊ दे, निघू.

आज मात्र जुना जालना. एका कापडवाल्याने सांगितलं होतं, गिरधारीलाल शेठच्या गोदामात त्यांच्या वडिलांची मोटार आहे, अमेरिकन. या घराण्याची पूर्वी कापसातून सरकी काढायची जिनिंग होती. गल्ली इतकी अरुंद की समोरून रिक्षा आली तर आम्ही भिंतीला चिकटून उभे. ओट्यावर शेठ पेपर वाचत होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. मिलचं नाव ऐकलं आणि त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मिलमधून आले? मग बराबर. पोरानं पाठवलं असेल. हर्षला सांगा, मी जिवंत आहे तोवर लोखंडवाल्याला दार उघडणार नाही."

मी म्हणालो, "शेठ, मी घ्यायला न्हाई आलो, बघायला आलो."

"बघायला कोण येतं, भाऊ? आधी बघतात, मंग तोलतात."

तोलणं हेच माझं काम. आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी त्यांची सून एकता मागून धावत आली. म्हणाली, बाबूजींचं मनावर घेऊ नका, नंबर देऊन ठेवा. दिला.

आबा म्हणाले, "माणूस खरा हाय. आपली चीज झाकून ठेवतो." घरी येईपर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला नाही. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. जांब समर्थला गर्दी फार. दर्शन झालं, आणि देवळाबाहेर आंब्याच्या सावलीत मला ती दिसली. बेबी हिंदुस्थान. चिंचेच्या बोटुकासारख्या तपकिरी रंगाची, एवढीशी. परतूरचे निवृत्त पोस्टमास्तर रामप्रसाद बायकोला घेऊन तिच्यातून आले होते. त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं, कारण मी काही विचारायच्या आधी ते म्हणाले, "या, गंमत दाखवतो."

त्यांनी आत बसून एक बटण फिरवलं. दोन दारांच्या मधल्या खांबातून टक्कन एक छोटा हात बाहेर आला, टोकाला केशरी दिवा. वळायचं असलं की ही गाडी हात दाखवायची. आताच्या गाड्या नुसता डोळा मिचकावतात. ही हात काढून सांगायची, थांबा, मी वळते.

मी लहान पोरासारखा हसलो. आबांनी तो हात बोटांनी धरला. "परत घ्या," म्हणाले. आत गेला. "काढा." बाहेर आला. रामप्रसादांना कंटाळा नव्हता. गर्दीतले लोकही थांबून बघायला लागले, एक बाई देवाला जोडतात तसे हात जोडून गेली. मग आबा म्हणाले, "कल्याण, आता पुरी सांग." मी सांगितली. टपाचा गोलवा, मागची उतरती पाठ, चाकांवरच्या चकचकीत वाट्या. रामप्रसाद म्हणाले, माझीच गाडी मी पहिल्यांदा ऐकली.

एक गोष्ट मनाला लागली तीही लिहितो. मी आबांना झाडाखाली उभं करून प्रसाद आणायला गेल्तो. परत आलो तर ते तिथंच, जागा तसूभर सोडली नव्हती. मी त्यांच्या डाव्या अंगाने आलो, अगदी जवळ. त्यांनी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. उशीर झाला म्हणून रागावले असतील. "आबा" म्हणालो तेव्हा कुठं वळले आणि म्हणाले, "आला का?" राग बिलकुल नव्हता आवाजात.

११ मे, रविवार

एकताचा फोन आल्ता. गोदाम पाडून तिथं दुकानं बांधायचं ठरलं. गाडी पुढच्या महिन्यात भंगारात. "बाबूजी म्हणतात, त्या काट्यावाल्याला बोलवा. एकदा कुणीतरी नीट बघून जाऊ दे."

शेठनी स्वतः कुलूप काढलं. सरकीचा वास अजून भिंतीत होता. त्यांनी आणि एकताने ताडपत्री ओढली.

शेव्हरोलेट. अठ्ठेचाळीसची. काळी, इतक्या धुळीखालीही काळी. पुढून येताना बैल मान खाली घालून येतो तसं तिचं कपाळ. जाळीच्या आडव्या पट्ट्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पुढची काच दोन तुकड्यांची, मधे चांदीची कड, भांगासारखी. मडगार्ड दारावर वाहत येऊन तिथं विरतो. कुठंही कोपरा नाही. देवळात मी इतका शांत कधी उभा राहिलो नाही.

शेठ म्हणाले, "पायानं स्टार्ट होते. खाली बटण आहे. पिताजी पाय ठेवायचे आणि सगळी गल्ली उठायची."

आबा म्हणाले, "कल्याण." मला कळलं. मी सांगायला सुरुवात केली, आणि आबा समोरच्या बंपरपासून हात लावत निघाले. दिवा, मडगार्ड, दार, दाराची मूठ, मागचं चाक, डिकी, आणि पलीकडून परत. पुरी गाडी त्यांनी हाताने चालून काढली. मी तोवर बोलत होतो. एकता पदराने डोळे पुसत होती, मला वाटलं धुळीने.

मग शेठनी आबांपुढं पाण्याचा ग्लास धरला. आबा सरळ पुढं बघत उभे. ग्लास तसाच. शेठनी ग्लास हलवला, मग आबांचा हात धरून त्यात दिला. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "यांना किती दिसतं?"

"दिसतं की," मी म्हणालो. "फोटोसुद्धा बघतात."

"माझ्या मोठ्या भावाला असंच होतं. छोटी चीज दिसायची, मोठी दिसायची नाही. समोरचं माणूस दिसायचं, बाजूचं नाही. दवाखान्यात न्या, भाऊ. जल्दी."

घरी येऊन दैवशालाला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. "आबांनी मला शपथ घातल्ती," म्हणाली. "म्हणले, त्याला कळू देऊ नको. मी स्टूल हलवू देत न्हाई ते काय उगं?"

मी लोकांच्या गोदामात गाड्या शोधत फिरलो.

१५ मे

संभाजीनगरला दाखवलं. काचबिंदू. डावा डोळा गेलाच. उजव्यात मधोमध तेवढी जागा राहिलीय, मूठ वळून तिच्या भोकातून बघावं एवढी. गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकायचे, म्हणजे आहे ते टिकेल.

बसमध्ये मी आबांना विचारलं, "कधीपासून?"

"तुझी माय होती तवापासून थोडं थोडं. मंग वाढत गेलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. "तू गाड्या सांगून राह्यला होता. शाळेतून आला की असाच बोलायचा तू, दम न घेता. मंग नोकरी लागली, बोलणं बंद झालं. मला वाटलं, डोळ्याचं निघालं की तू दवाखान्याचंच बोलशील. थेंब टाकले का, गोळी घेतली का. गाड्या राहून जातील."

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा की माझा ते कळत नाही.

१८ मे, रविवार

आज गाड्या नाहीत. थेंब टाकले, गोळी दिली. आबा म्हणाले, बघ, सुरू झालं.

२२ मे

सुट्टी टाकून हर्षला भेटलो, शेठच्या मुलाला. शिकलेला, घाईतला माणूस. वाईट नाही. म्हणाला, भाऊ, जागा लागते, बाबूजींच्या मागं तिला कोण सांभाळणार?

मी म्हणालो, "तुमचं बराबर हाय. पण ती भंगारात निघाली तर आमच्याच मिलला येईल, आणि वजन मलाच करावं लागेल. मला जमणार न्हाई. त्या दिवशी मी काट्यावरून उठून जाईन, मंग नोकरी राहो न राहो."

माझ्या तोंडून हे कसं निघालं, कोण जाणे. हर्ष माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला फोनमधले फोटो दाखवले. गोदामातला तो कपाळाचा फोटो त्याने मोठा करून बघितला. "लहानपणी या जाळीत माझं बोट अडकलं होतं," म्हणाला. "बाबूजींनी तेल लावून काढलं." निघताना म्हणाला, थोडा टाइम द्या.

३ जून

एकताचा फोन. नाशिकचे एक डॉक्टर जुन्या गाड्या ठेवतात, चालत्या ठेवतात. ते नेणार. हर्षने मिस्त्री लावून इंजिन सुरू केलं. शेठ दिवसभर मिस्त्रीजवळ खुर्ची टाकून बसले. रविवारी सकाळी एक चक्कर मारायची, मग सोमवारी ट्रक. आम्हाला बोलावलंय.

८ जून, रविवार

शेठनी मुलाला पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं. आधी खोकला आला, मग धूर, मग तो आवाज. मोठा नाही, खोल. गल्लीतली शटरं अर्ध्यात थांबली. धान्याच्या पोत्याखालचे हमाल पोतं पाठीवर तसंच ठेवून उभे. दुचाकीवाल्यांनी स्वतःहून वाट दिली, आणि जुन्या जालन्यात हे कधी होत नाही. ती गल्लीतून निघाली तेव्हा दोन्ही भिंतींना आणि तिला मधे हाताएवढी जागा होती. मी आबांजवळ मागं बसून सगळं सांगत होतो. कोण उभं राहिलं, कोण ओट्यावर चढलं, कुठली म्हातारी पदर सावरून बघते. शेठ पुढं बसलेले, एकदाही मागं वळले नाहीत. फक्त टोपी नीट केली.

मंठा रोडला वस्ती संपल्यावर आबा म्हणाले, "मला उतरवा."

मला वाटलं, मळमळतंय. पण ते म्हणाले, "गाडी लांब न्या. त्या नळकांडीच्या पुलापाशी. आणि तोंड इकडं करून उभी करा."

हर्षला काही कळेना. शेठला कळलं. ते म्हणाले, "चल, ने."

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं. गाडी पुलापाशी जाऊन फिरली. आबांनी मान हळूहळू इकडून तिकडं केली, शोधल्यासारखी. "अजून मागं घ्यायला सांग." मी हर्षला फोन केला. ती अमेरिकन मोटार उलटी मागं गेली, तिच्या मागं एक टेम्पो मुकाट थांबला. "अजून थोडी." परत फोन.

"बस," आबा म्हणाले. "बसली."

मी विचारलं, "काय बसली?"

"माझ्या खिडकीत पुरी बसली. जवळून निस्ता दिवा दिसायचा, न्हाई तर निस्तं चाक. जीपीचं बी तसंच, त्या बेबीचं बी तसंच. आज पहिल्यांदा एक गाडी पुरी दिसून राह्यली. दोन्ही कान दिसून राह्यलेत. टप दिसून राह्यला. आत शेठची टोपी हाय. वर बाभळ बी बसली."

मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "तू गप बस. आता मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितली. मी सांगायचो तशी नाही. ते म्हणाले, ती रस्त्यावर बसलेली नाही, टेकलेली आहे. म्हणाले, काळी आहे पण रानाच्या काळ्यात मिसळत नाही, ऊन तिच्यावरून घसरून खाली पडतंय. म्हणाले, तिला कुठं जायची घाई नाही. एवढ्या महिन्यांत मला जे सांगता आलं नव्हतं ते सगळं. मी ऐकत राहिलो. शेठनी तिकडून हात दाखवला. आबा म्हणाले, "येऊ द्या."

गाडी निघाली. आबांचं सांगणं चालूच. "मोठी होऊन राह्यली. आता बाभळ गेली. आता टप गेला. आता कान गेले, डावा आधी, मंग उजवा. काच गेली. निस्ती जाळी राह्यली. चमकून राह्यली निस्ती." आवाज जवळ आला, पायाखालची जमीन थरथरली. "आता काहीच न्हाई. निस्ती चांदी."

मी त्यांचा दंड धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. उजवा हात पुढं केला, आणि हर्षने गाडी अशी हळू आणली की ती त्या हाताखाली येऊन थांबली.